खवय्यांच्या गावाला माळकरीण निघाली

आमच्या भागातल्या माणसाला जपानी शब्द पुस्तकात भेटत नाहीत, शॉपफ्लोअरवर भेटतात. कायझेन, कानबान, पोका-योके, मुदा, गेम्बा... महाळुंग्यापासून भोसरीपर्यंतच्या कुठल्याही कंपनीत आयटीआय झालेल्या पोराला विचारा, तो हे शब्द मामाच्या गावाची नावं सांगावीत तसे सांगेल. मी स्वतः टूलरूममध्ये तीस वर्षं काढली. 'फाइव्ह एस'चे तक्ते लावले, पाहुणे साहेब येणार म्हणून मशिनांभोवतीचे पिवळे पट्टे पुन्हा पुन्हा रंगवून घेतले. पण सेइरी, सेइतोन, सेइसो म्हणणारी ही माणसं संध्याकाळी घरी जाऊन जेवतात काय, हा प्रश्न कधी मनात आला नाही. तो यंदा आला, आणि असा आला की घरातली शांतता दोन महिने गेली.

झालं असं, की आमची लेक दीड वर्षापूर्वी ओसाकाला गेली. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दर शनिवार-रविवारी जपानी शिकायला जायची. महाळुंग्याहून फर्ग्युसन रस्ता म्हणजे तळेगाव-चाकण रस्त्याच्या ट्रॅफिकची कृपा असेल त्याप्रमाणे दीड तास नाहीतर तीन तास. त्या कष्टाचं फळ मिळालं, कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी तिकडं पाठवलं. आता मुदत संपायला सहा महिने उरले तशी तिनं टुमणं लावलं, "बाबा, तुम्ही दोघं या. मी इथं आहे तोवर या."

मी तयारच होतो. अडचण होती ती आमच्या सौभाग्यवतींची, आणि ती साधी नव्हती. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी आणि मधे आमचं महाळुंगे, त्यामुळे माळकरी असणं इकडं नवलाचं नाही. पण हिनं माळ घातली ती आईच्या मागे, सोळा वर्षांपूर्वी, आळंदीत. त्या दिवसापासून मांस-मासळी तर नाहीच, अंडंसुद्धा नाही. कांदा-लसूण चातुर्मासात बंद. मी तिच्या पंक्तीला बसून ते पाळतो आणि बाहेर गेलो की पाळत नाही, हे तिला ठाऊक आहे. ती फक्त एवढंच म्हणाली, "जपान म्हणजे मासे. पाण्यातसुद्धा मासा घालतात म्हणे. चुकून पोटात गेलं तर मी कुणाला विचारू?"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. पाण्यात मासा घालतात हे अक्षरशः खरं आहे, हे मला पुढे कळायचं होतं.

त्यातून गाव कोणतं, तर ओसाका! जपानमधल्या इतर शहरांना देवळं, बागा, सम्राट असं काही ना काही मोठेपण आहे. ओसाकाचं मोठेपण पोटाचं. जपानी भाषेत एक जुनी म्हण आहे: क्योतोचा माणूस कपड्यांपायी भिकेला लागतो, ओसाकाचा खाण्यापायी. या खाऊन बुडण्याला तिकडं 'कुइदाओरे' असा शब्दच आहे, आणि त्याची त्यांना लाज नाही, अभिमान आहे. दोतोंबोरी नावाच्या कालव्याकाठच्या खाण्याच्या पेठेत याच नावाचं एक मोठं हॉटेल होतं. दारात ढोल वाजवणारा विदूषकाचा पुतळा, १९५० सालापासूनचा. हॉटेल २००८ मध्ये बंद झालं, पण पुतळा लोकांनी जाऊ दिला नाही. तो अजून तिथल्याच एका इमारतीपुढे ढोल वाजवत उभा आहे.

माझी पहिली युक्ती टिपिकल होती. म्हटलं, दशम्या, चटण्या, मेतकूट, भाजणी घेऊन जाऊ, लेकीच्या खोलीवर कुकर लावू आणि दहा दिवस काढू. लेक फोनवर एवढंच म्हणाली, "ओसाकाला येऊन खोलीत आमटी-भात खायचा असेल तर आईनं मला व्हिडिओवरच बघावं."

पोरीचं चुकत नव्हतं. मग मात्र मी हे काम टूलरूमच्या पद्धतीनं हाती घेतलं. म्हणजे आधी ड्रॉइंग, मग मटेरियल, मग मशिन.

ड्रॉइंग करायला लागलो तेव्हा पहिली गंमत कळली ती अशी, की हे गाव आमच्या चाकणच्या चुलत्याचं निघालं. चाकण आज गाड्यांचं, पण आमच्या लहानपणी चाकण म्हणजे कांद्या-बटाट्याचा बाजार. कांद्यानं भरलेल्या बैलगाड्या आणि नंतर टेम्पो, आडत्यांच्या आरोळ्या, हातावर रुमाल टाकून बोटांनी केलेला भाव. ओसाकाचं तसंच, फक्त कांद्याच्या जागी तांदूळ. तोकुगावा शोगुनांच्या काळात सरदारांचा सारा तांदळात यायचा. त्या तांदळाची कोठारं ओसाकाच्या नदीकाठी असायची आणि तिथं त्याचा पैसा व्हायचा. दोजिमा नावाच्या पेठेतल्या तांदूळ-बाजाराला १७३० साली सरकारी मान्यता मिळाली, आणि पुढच्या हंगामाच्या मालाचे सौदे आज करण्याचा हा जगातला पहिला संघटित बाजार मानला जातो. दोजिमाचा भाव टेकड्यांवरून झेंड्यांच्या खुणांनी गावोगाव पोचवत. म्हणून या शहराला नाव पडलं 'साऱ्या देशाचं स्वयंपाकघर'. आजही ओसाकाचा व्यापारी दुसऱ्याला भेटल्यावर विचारतो, "मोकारीमाक्का?" म्हणजे, काय, कमाई होतेय का? उत्तर ठरलेलं, "बोची बोची." चाललंय हळूहळू. चाकणच्या बाजारात मी आयुष्यभर हेच ऐकलं, "काय गेला भाव?" आणि "गेला आपला!"

हे मी हिला सांगितलं. ती म्हणाली, "भाव राहू द्या. पाण्यातल्या माशाचं बघा."

तर पाण्यातला मासा. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे 'दाशी' नावाचं पाणी. आपल्याकडे फोडणी जशी, तसा तिकडं दाशी. सूप त्यात, भाजी त्यात, नूडल्स त्यात, भज्यांसोबतचा सार त्यात, धिरड्याचं पीठसुद्धा त्यातच भिजवायचं. आणि हे पाणी बहुतेक वेळा करतात 'कात्सुओबुशी'पासून, म्हणजे बोनिटो जातीचा मासा शिजवून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक वाळवून, रंध्यानं तासावा तसा तासून केलेल्या पापुद्र्यांपासून. वरून पाहावं तर वाटीत नुसतं टोफू आणि पातीचा कांदा. मासा दिसत नाही, वासही आपल्याला ओळखू येत नाही, पण तो असतो. 'मांस नको' म्हटलं तर वाढपी आनंदानं मान हलवेल आणि माशाच्या पाण्यातली वाटी पुढे ठेवेल. त्यात त्याची लबाडी नाही. 'निकु' म्हणजे मांस. मासा त्याच्या हिशेबी मांसात मोडत नाही. हिची भीती शंभर टक्के खरी होती.

पण याच जागी ओसाकानं हात दिला. दाशीचा दुसरा पाया आहे 'कोंबु', म्हणजे समुद्रात उगवणारी जाड, रुंद पानं, वाळवून ठेवलेली. हा कोंबु येतो थेट उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून. एदो काळात 'कितामाएबुने' नावाची शिडाची गलबतं तो घेऊन जपानच्या पश्चिम किनाऱ्यानं खाली उतरत, आतल्या समुद्रात शिरत आणि ओसाकाला रिकामी होत. कोंबु पिकत नाही अशा या गावात कोंबु साठवायची, मुरवायची, तासायची कला वाढली ती त्यामुळे. आणि म्हणूनच तोक्योकडचं रस्सापाणी माशाच्या अंगानं जाणारं, काळपट सोया सॉसचं. तर ओसाकाकडचं कोंबुच्या अंगानं जाणारं, फिक्या रंगाचं. हा फरक ते इतका मनावर घेतात, की एका प्रसिद्ध कंपनीचे कपातले उदोन पूर्वेसाठी वेगळ्या आणि पश्चिमेसाठी वेगळ्या चवीचे निघतात आणि झाकणावर तशी खूण असते. आपल्याकडे कोल्हापूरच्या आणि नागपूरच्या मिसळीवरून वाद घालणाऱ्यांना हे सहज समजावं.

म्हणजे नुसत्या कोंबुची दाशी करता येते आणि ती शुद्ध शाकाहारी असते. वाळवलेली शिइताके अळंबी सोबत घातली तर आणखी उत्तम. लेक गणपतीत आठ दिवसांसाठी आली तेव्हा मी तिच्याकडून कोंबुची एक पुडी मागवली. हिनं ती पानं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "शेवाळ का हे?" म्हटलं, "तू चायना ग्रास घालून जेली करतेस ना, तेही समुद्रातल्या शेवाळाचंच. आणि ते करण्याची रीतही जपानचीच." सोळा वर्षं माळ घालून समुद्रातलं शेवाळ खाल्लं हे कळल्यावर ती जरा गप्प झाली. मग कोंबु रात्रभर पाण्यात घातला, सकाळी मंद आचेवर ठेवला, उकळी फुटायच्या आत पान काढून घेतलं. ते पाणी हिनं न सांगता तुरीच्या आमटीत ओतलं. मी दोनदा वाढून घेतली. ही म्हणाली, "चव लागते, पण कशाची ते सांगता येत नाही." या न सांगता येणाऱ्या चवीचंच एका जपानी शास्त्रज्ञानं, किकुनाए इकेदा यांनी, १९०८ साली कोंबुतून मूळ शोधून काढलं आणि तिला नाव दिलं 'उमामी'. जगभर अजिनोमोटो गेलं ते तिथून. तो भाग मी हिला सांगितला नाही. अजिनोमोटोचं नाव काढलं की ती बिथरते.

मटेरियल सापडलं, आता मशिन. लेकीनं एक कार्ड तयार केलं आहे, तळहाताएवढं, प्लास्टिकमध्ये घातलेलं. त्यावर जपानीत लिहिलं आहे की या बाई मांस, मासे, अंडी खात नाहीत. कात्सुओबुशी आणि माशाची दाशीही चालत नाही. कोंबु आणि अळंबी चालते. तुमच्याकडे असं काही होण्यासारखं नसेल तर तसं स्पष्ट सांगा, आम्हाला राग येणार नाही. शेवटचं वाक्य तिनं मुद्दाम घातलं, कारण जपानी माणूस 'नाही' म्हणायला फार लाजतो आणि लाजेपोटी काहीतरी करून वाढतो. आमच्या टूलरूमच्या भाषेत याला पोका-योके म्हणतात: चूक होऊच नये अशी खाच आधीच ठेवायची. हिनं ते कार्ड तुळशीवृंदावनाशेजारच्या कोनाड्यात ठेवलं आहे.

आता ओसाकाचे जे तीन-चार प्रसिद्ध पदार्थ आहेत त्यांचं काय, हे सांगायला हवं. नाहीतर खाण्याच्या गावाला जाऊन आम्ही खाल्लं काय असं कुणीही विचारील.

'ताकोयाकी' म्हणजे आपले आप्पेच. तेच पात्र, तीच टोचणीनं उलटायची लगबग, फक्त पोटात ऑक्टोपसचा तुकडा. १९३५ साली ओसाकातल्याच एका गाडीवाल्यानं, तोमेकिची एंदो यांनी, तो घालायला सुरुवात केली. हा पदार्थ हिच्यासाठी बाद, माझ्यासाठी नाही. 'ओकोनोमियाकी' म्हणजे कोबीचं जाडजूड धिरडं, आपल्यासमोर तव्यावर. नाव घेतानाच सूट आहे: ओकोनोमी म्हणजे तुमच्या आवडीचं. पण पिठात दाशी, आत अंडं आणि डुकराचं मांस, वर ते माशाचे पापुद्रे वाफेनं नाचत असलेले, आणि सॉसमध्ये काय काय असतं ते देव जाणे. शाकाहारी करून देणारी मोजकी दुकानं आहेत. पण लेक म्हणते, आम्ही तो घरीच करू, अंड्याऐवजी 'नागाइमो' नावाचा चिकट कंद किसून. 'कुशिकात्सु' म्हणजे काडीला टोचून तळलेली भजी. कमळकाकडी, भोपळा, अळंबी यांचीही मिळतात, म्हणून मी खूश झालो होतो. पण पुष्कळ ठिकाणी तेलाऐवजी जनावराची चरबी असते, तेव्हा तेही बाद. मात्र या दुकानांतली एक पाटी हिला फार आवडली. सॉसचं भांडं सगळ्यांत मिळून एकच, म्हणून लिहिलेलं असतं: काडी एकदाच बुडवा, चावल्यावर पुन्हा बुडवू नका. "म्हणजे उष्टं त्यांनाही कळतं," ही म्हणाली. करोनानंतर बऱ्याच दुकानांनी भांडं काढून बाटली ठेवली, असं लेक सांगते.

दोतोंबोरीला आम्ही जाऊ ते संध्याकाळी, पाहायला. दोन्ही हात उंचावून धावणारा 'ग्लिको'चा माणूस १९३५ पासून त्या कालव्यावर दिव्यांच्या पाटीत धावतो आहे. पाट्या बदलल्या, धावणं चालू आहे. पण खरेदी करायची ती तेंजिनबाशी-सुजीला. अडीच किलोमीटरहून लांब, वरून छप्पर असलेली ही बाजारपेठ म्हणजे लक्ष्मी रोड ताणून लांब केला आणि त्यावर पत्रा घातला असं समजा. तिथं पर्यटक कमी, पिशव्या घेतलेल्या गृहिणी जास्त. ओसाकाच्या प्रौढ बायका पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या बाळगतात आणि बसमध्ये, रांगेत, अनोळखी माणसाच्या हातावर खुशाल ठेवतात. हे ऐकल्यावर हिनं खडीसाखरेची पुडी सामानाच्या यादीत चढवली. देवघेव झाली पाहिजे ना!

यादीवरून आठवलं. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता, बियाणं हे सगळं रोगमुक्तीच्या सरकारी दाखल्याशिवाय जपानमध्ये नेता येत नाही. हिनं कढीपत्ता वाळवून पूड केली. मी लेकीला विचारलं, तर ती म्हणाली, नकोच, विमानतळावर वाद नको. व्हिसाच्या कागदांत लेकीचं निमंत्रणपत्र, नात्याचा पुरावा आणि रोज कुठं असणार याचं वेळापत्रक द्यावं लागतं. दिवसवार! यापूर्वी आमच्या घरात प्रवासाचं दिवसवार वेळापत्रक फक्त वारीचं असायचं. पुण्याहून थेट विमान नाही; सिंगापूर, बँकॉक अशा कुठल्यातरी ठिकाणी बदलायचं आणि कान्साई विमानतळावर उतरायचं. हा विमानतळ समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर १९९४ साली सुरू झाला आणि तेव्हापासून हळूहळू खचतो आहे. खचणार हे धरूनच इमारतीचे खांब जॅकवर उचलायची सोय केली आहे. हे मी हिला सांगितलं नाही. उतरल्यावर सांगेन.

माझे म्हणून दोन दिवस मी मागून घेतले आहेत. एक साकाइचा. ओसाकाला चिकटून असलेलं हे गाव. इथले कारागीर आधी लोहारकामात निष्णात, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर बंदुका आल्या तेव्हा बंदुका करू लागले. तंबाखू आली तेव्हा ती चिरायच्या सुऱ्या. त्यातून स्वयंपाकाच्या सुऱ्या. आज जपानमधले नावाजलेले आचारी साकाइची सुरी वापरतात. ठोकणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. आणि त्याच गावात १९२१ साली शिमानो या सायकलच्या सुट्या भागांच्या कंपनीचा जन्म झाला. तलवारीपासून गिअरपर्यंत एकाच गावाचा हात चालत आला. आमच्याकडे कांद्याच्या वावरावर एका पिढीत प्रेस शॉप उभं राहिलं, हात मात्र बाहेरून आणावे लागले. गावच्या पोरांना गेटवर सिक्युरिटीची नोकरी. असो. हा विषय निघाला की मी लांबतो.

दुसरा दिवस इकेदाचा आणि फुसेचा. इकेदात मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली घरामागच्या खोपटात झटपट नूडल्सचा शोध लावला. बायकोला भजी तळताना पाहून त्यांना सुचलं, की नूडल तळली तर पाणी उडून जाईल आणि त्या छिद्रांत पुन्हा गरम पाणी शिरेल. तिथं संग्रहालय आहे. त्याच १९५८ साली ओसाकाजवळच्या फुसेमध्ये योशिआकी शिराइशी या सुशीवाल्यानं दुकानात कन्व्हेयर बसवला. वाढपी मिळेनात म्हणून तो चिंतेत होता, आणि बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या त्यानं पाहिल्या. पट्टा वळणावर अडायचा, म्हणून त्यावर उपाय काढण्यात बरीच वर्षं गेली. वेग ठेवला सेकंदाला आठ सेंटिमीटर. याहून जोरात गेला तर ताटली उचलता येत नाही, हळू गेला तर गिऱ्हाईक कंटाळतं. १९७० साली ओसाकात जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात हा पट्टा सहा कोटींहून अधिक लोक जिथून गेले तिथं मांडला गेला आणि जगभर पसरला. तीस वर्षं कन्व्हेयरपाशी उभं राहिलेल्या माणसाला त्याचा हा उपयोग पाहिल्याशिवाय राहवेल कसं?

एवढी तयारी झाली तरी हिचं मन तयार नव्हतं. कार्ड आहे, कोंबु आहे, कोबेला अर्ध्या तासात भारतीय वाण्याची दुकानं आहेत, तिथं १९८५ सालचं संगमरवरी जैन मंदिरही आहे. सगळं ऐकून ती म्हणायची, "म्हणजे मी सगळीकडे 'हे नको, ते नको' करत फिरायचं. पाहुणीनं असं फिरावं का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते कोयासाननं दिलं. ओसाकाच्या नांबा स्टेशनातून गाडी सुटते, डोंगराच्या पायथ्याशी पोचते, तिथून दोरावर ओढल्या जाणाऱ्या डब्यातून वर. दोन तासांच्या आत माणूस आठशे मीटर उंचीवरच्या सपाटीवर, देवदारांच्या सावलीत. नवव्या शतकाच्या आरंभी, ८१६ साली, कुकाई नावाच्या भिक्षूला ही जागा मिळाली आणि शिंगोन बौद्ध पंथाचं हे पीठ झालं. तिथल्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे; २०१५ साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. पन्नासच्या आसपास मठांमध्ये पाहुण्यांची राहायची सोय आहे आणि जेवण असतं 'शोजिन-ऱ्योरी': मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. तिळाचं टोफू, गोठवून वाळवलेलं कोया-टोफू, डोंगरातल्या भाज्या, दाशी कोंबु-अळंबीची. (मठात साके मागितली तर मिळते म्हणे, तिचं मठातलं सांकेतिक नाव 'हान्न्या-तो', म्हणजे प्रज्ञेचं गरम पाणी. मी आपलं माहितीसाठी वाचलं.)

बायकांना या डोंगरावर पूर्वी बंदी होती. वेशीवर 'न्योनिन-दो' नावाची ओवरी होती, तिथवर यायचं आणि कडेकडेनं डोंगराला प्रदक्षिणा घालून परत फिरायचं. बंदी सरकारनं १८७२ साली उठवली. हे ऐकून ही म्हणाली, "वारीत आमच्यावर असली बंदी कधी नव्हती." म्हटलं, खरं आहे.

मग मी तिला कुकाईंची गोष्ट वाचून दाखवली. ८३५ साली ते ध्यानाला बसले. ते गेले असं कोयासानचं कुणी म्हणत नाही. ते अजून आत बसलेले आहेत अशी श्रद्धा आहे, आणि रोज दोन वेळा, सकाळी सहाला आणि साडेदहाला, भिक्षू लाकडी पेटीतून त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. पूल ओलांडून, दोन लाखांहून अधिक समाध्यांमधून जाणाऱ्या वाटेच्या टोकाला. बाराशे वर्षांच्या आसपास चालत आलेला शिरस्ता. पेटीत असतं ते अर्थात शोजिन.

ही निवडत बसली होती ती मेथीची जुडी तशीच ठेवून माझ्याकडे बघायला लागली. "म्हणजे आपल्या माऊलींसारखं," ती म्हणाली. "नैवेद्य रोज?"

"रोज."

"आणि तेच आपल्याला वाढतात?"

"तसंच जेवण. त्याच स्वयंपाकाच्या रीतीचं."

"मग एक रात्र नको," ती म्हणाली. "दोन रात्री ठेवा."

वेळापत्रक पुन्हा लिहावं लागलं. माझा इकेदा-फुसेचा दिवस अर्ध्यावर आला. त्याच समाध्यांमध्ये जपानी कंपन्यांनी आपल्या कामगारांसाठी उभारलेली स्मारकं आहेत, पुढ्यात व्हिजिटिंग कार्डं टाकायला पेट्या ठेवलेल्या. ती मला पाहायची आहेत, म्हणून मीही फार कुरकुरलो नाही.

तारखा ठरवताना शेवटचा पेच निघाला. भाऊबीज घरीच झाली पाहिजे आणि आळंदीची कार्तिक वद्य एकादशी चुकता कामा नये, हे दोन खुंटे हिनं आधीच ठोकले होते. मधल्या दिवसांत जायचं म्हणजे कार्तिक शुद्ध एकादशी ओसाकात येणार. उपासाला करायचं काय? साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ नेले तरी ते विमानतळावर कुणाला समजावत बसायचं? मी कागद घेऊन बसलो होतो तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिनं रस्त्यावर उभं राहून मोबाइल फिरवून दाखवला. नोव्हेंबर लागला की तिकडं गल्लीबोळातून छोटे टेम्पो फिरतात, मागे भट्टी, भट्टीत तापलेले गोटे, गोट्यांवर भाजत असलेली रताळी, आणि भोंग्यातून लांबवलेला एकसुरी पुकारा, "इशी याकी-इमो..." हल्ली सुपरमार्केटच्या दारातही भट्टी असते. तिनं एक रताळं मधोमध मोडलं. आतून पिवळंधमक, वाफ निघत असलेलं.

"आई, यात दाशी नाही," ती म्हणाली.

हिनं फोन जवळ घेतला. "सालासकट भाजतात का गं? मग दोन घेऊन ठेव. एकादशीला यांना पण लागेल."